बिलियर्डसची काठी आणि लेझरची रेषा

बिलियर्डसच्या काठीस बसवावयाचें एक लहानसें यंत्र बाजारांत मिळतें. त्यांतून निघालेला लेझर किरण भिंगामुळें पसरतो आणि टेबलाच्या हिरव्या बनातीवर तांबड्या रेषेच्या रूपानें पडतो. काठी कोणत्या दिशेस रोखिली आहे हें त्यामुळें डोळ्यांस प्रत्यक्ष दिसतें. हें यंत्र घेतल्यानें खेळ सुधारतो काय, असें विद्यार्थी आम्हांस विचारितात. त्यांचे पालकही, किंचित् निराळ्या स्वरांत, तेंच विचारितात. उत्तर एका शब्दांत देण्याजोगें नाहीं, म्हणून थोडें मुळापासून सांगतों.

दोन सारखे चेंडू एकमेकांवर आदळले असतां, ज्यास धक्का बसतो तो चेंडू, त्या क्षणीं दोहोंचे मध्यबिंदू जोडणारी जी रेषा असते, तिच्या दिशेनें जातो. भूमितीच्या तासास हें कोणासही पटेल. परंतु टेबलाशीं उभा राहिल्यावर नवशिका काय करितो? तांबड्या चेंडूवर जेथें स्पर्श व्हावयास हवा, त्याच बिंदूवर तो पांढरा चेंडू रोखितो; आणि तांबडा चेंडू पॉकेटांत न जातां शेजारच्या कडेवर आपटून परत येतो! पांढऱ्या चेंडूसही जाडी आहे, हें तो विसरलेला असतो. पांढऱ्याचा मध्यबिंदु तेथवर पोहोंचण्यापूर्वींच त्याची कड तांबड्यास लागते, आणि ती हवी त्याहून अधिक भरीव लागते. यास्तव तांबड्याच्या मागें, पॉकेटच्या विरुद्ध अंगास, त्यास चिकटून एक काल्पनिक चेंडू ठेविला आहे असें मानावें व त्याच्या मध्यबिंदूवर नेम धरावा. तांबडा चेंडू नेमाच्या रेषेपासून ३० अंश वळवावयाचा असेल, तर ही रेषा बरोबर त्याच्या कडेवर येते. ३० अंशांची साइन १/२ असते, एवढ्यावरून वरच्या वर्गांतील मुलांनीं आकृति काढून हें ताडून पाहावें. लहानांनीं दोन सारखीं नाणीं घेऊन मेजावर हाच प्रयोग करावा. कॅरमच्या सोंगट्यांवर हा हिशेब तसाच लागूं पडणार नाहीं, कारण तेथें स्ट्रायकर सोंगटीहून मोठा असतो. मध्यबिंदूंचा नियम मात्र तेथेंही खरा आहे.

यंत्राचा पहिला उपयोग हाच कीं, तांबडी रेषा चेंडूच्या मध्यावर आहे कीं कडेवर, याविषयीं वाद उरत नाहीं.

दुसरा उपयोग आमच्या मतें अधिक मोलाचा आहे. चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर असतो. समजा, एक मीटर अंतरावरील चेंडू सरळ मारावयाचा आहे आणि पांढरा चेंडू अवघा एक अंश चुकीच्या दिशेस गेला. तो तेथें पोहोंचेपर्यंत सुमारें १७.५ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या एक तृतीयांशाइतका, बाजूस सरतो, आणि तांबडा चेंडू जवळजवळ १९ १/२ अंशांनीं भलतीकडे जातो. एका अंशाची ही एवढी शिक्षा! आम्हीं हें यंत्र प्रथम हातीं घेतलें तेव्हां आमचा नेम कच्चा आहे, अशी आमची समजूत होती. रेषेनें दाखविलें तें निराळेंच. नेम ठीक होता. परंतु काठी पुढें जातांना कोपर बाहेर जाई आणि रेषा उजवीकडे सरके. इतकीं वर्षें आम्ही बिचाऱ्या डोळ्यांस दोष देत होतों.

आतां यंत्राच्या मर्यादा. रेषा काठीची दिशा दाखविते, चेंडूची नव्हे. पांढरा चेंडू मध्यापासून डावीकडे मारिला, तर तो निघतांनाच किंचित् उजवीकडे झुकतो. हें रेषेस ठाऊक नसतें. जोर किती लावावा, आघातानंतर पांढरा कोठें थांबेल, हेंही ती सांगत नाहीं. आणि बिलियर्डसमध्यें अर्धा खेळ तर त्यांतच आहे. शिवाय यंत्र काठीवर वांकडें बसलें, तर रेषा खुशाल खोटें सांगते.

याहून मोठा धोका संवयीचा. एका विद्यार्थ्याचें उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे. रेषा पेटलेली असली कीं त्याचे चेंडू मुकाट्यानें पॉकेटांत जात. एके दिवशीं बॅटरी संपली, आणि त्या संध्याकाळीं त्यास अगदीं सरळ चेंडूही घालतां येईना. बिचारा रडकुंडीस आला. सामन्यांत तर हें साधन नियमांत बसतच नाहीं. पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं कलकत्त्यास हौशी खेळाडूंचें जागतिक अजिंक्यपद जिंकिलें, तेव्हां लेझर जगांत नव्हताच. पहिला लेझर थिओडोर मेमन यांनीं अमेरिकेंत १९६० सालीं सिद्ध केला.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस पुढीलप्रमाणें करावयास सांगतों. आधीं रेषेवांचून नेम धरावा. काठी स्थिर झाली म्हणजे सोबत्यास यंत्र लावावयास सांगून आपला अंदाज तपासावा व पुन्हां तें बंद करावें. काठीची चाल पाहावयाची असेल तेव्हां चेंडू न ठेवितां, बनातीवर खडूनें आंखलेल्या बारीक रेघेवर ती मागेंपुढें न्यावी आणि प्रकाश रेघ सोडतो काय तें पाहावें. किरण कोणाच्याही डोळ्यांवर अथवा आरशावर रोखूं नये. आणि लहान भावंडें टेबलाच्या कडेस हनुवटी टेकून पाहत उभीं असतील, तेव्हां तें यंत्र पेटीबाहेरही काढूं नये.