एमएसचा अटॅक आला: खर्च कुठे होतो आणि कुठे वाचवता येतो

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) त्रास अचानक वाढला की घरचे आधी ॲडमिशनच्या मागे लागतात. त्याआधी न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. एका डोळ्याने दिसेनासं झालं, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दाखवा.

नवा किंवा वाढलेला त्रास २४ तासांहून जास्त टिकला आणि ताप किंवा संसर्ग नसेल, तर तो अटॅक धरतात. उन्हामुळे किंवा तापामुळे जुनीच लक्षणं उसळू शकतात. अंग थंड झालं, ताप उतरला की तीही ओसरतात. लघवीच्या संसर्गानेही हेच होतं, आणि जळजळ नसली तरी संसर्ग असू शकतो. म्हणून लघवीची तपासणी आधी करा. साधी तपासणी शंभर-दोनशे रुपयांत होते, कल्चर पाचशे ते हजारात. कल्चरच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

खऱ्या अटॅकवर नेहमीचा उपचार म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज १ ग्रॅम सलाइनमधून, ३ ते ५ दिवस. एका कुपीची छापील किंमत ब्रँडनुसार साधारण हजार ते दोन हजार रुपये. म्हणजे औषध फार महाग नाही, बिल फुगतं ते खोलीमुळे. प्रकृती स्थिर असेल तर सरळ विचारा, ‘डे-केअरमध्ये डोस देता येईल का?’ काही तासांत घरी जाता येतं. काहींना हेच औषध गोळ्यांतूनही चालतं. तो निर्णय डॉक्टरांचा.

विमा असेल तर मात्र आधी टीपीएला, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या कंपनीला, विचारा. अनेक पॉलिसींना २४ तासांचं ॲडमिशन लागतं. डे-केअरचा क्लेम नाकारला गेला तर वाचवलेले पैसे तिथेच जातात. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली, तर फक्त भाड्यातला फरक नाही, डॉक्टर-व्हिजिट, नर्सिंग अशा इतर रकमाही प्रमाणात कापल्या जाऊ शकतात. बिलातली ‘कन्झ्युमेबल्स’ची ओळ नीट वाचा: हातमोजे, सिरिंज, कापूस, आयव्ही सेट. यातलं बरंचसं विमा देत नाही. औषधं रुग्णालयाच्याच दुकानातून घेण्याची सक्ती नाही. प्रत्येक अटॅकला एमआरआय लागतोच असंही नाही. सांगितला तर ‘रिपोर्टने उपचार बदलणार आहे का?’ हे विचारून घ्या.

सरकारी योजनेतून उपचार हवे असतील तर ॲडमिशनआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणारा कर्मचारी) भेटून हा उपचार यादीत आहे का ते पाहा.

जुन्या चिठ्ठीवर नर्सला घरी बोलावून डोस घेणं स्वस्त वाटतं. ते करू नका. अंगात संसर्ग असेल तर स्टिरॉइडने तो बळावतो, आणि मधुमेह नसला तरी साखर चढू शकते.

अटॅक ओसरल्यावरही अपंगत्व राहिलं असेल तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. आधार, फोटो, न्यूरॉलॉजिस्टचे कागद आणि एमआरआय रिपोर्ट जवळ ठेवा. अर्ज ऑनलाइन आहे, शुल्क नाही. एजंटला एक रुपयाही देऊ नका. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तर आयकराच्या जुन्या कररचनेत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची.