दर शनिवारी दहा रुपये : मुंबईची क्षेत्रभेट १२० रुपयांत



मागच्या वर्षी आमच्या शाळेची सहल एका वॉटर पार्कला गेली होती. माणशी ९०० रुपये. चौथी-पाचवीची तेवीस मुलं, त्यातली अकरा आली. सहलीच्या आदल्या दिवशी एक मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, मला ताप आलाय, उद्या यायचं नाही." मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मी काहीच बोलले नाही, 'बरं, आराम कर' म्हणाले. तिला काय सांगायचं होतं ते मला कळलं होतं आणि मला कळलंय हे तिलाही कळलं होतं. ९०० चा आकडा ठरवताना होकार देणाऱ्यांत मीही होते, म्हणून दोष दुसऱ्या कोणाला देत नाही.

यंदा मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी ठिकाण आणि मग पैसे असं न करता, वर्गातल्या सगळ्यात अडचणीतल्या घराला किती झेपेल ते आधी ठरवलं. उत्तर आलं : आठवड्याला दहा रुपये.

माझी शाळा शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आहे. आसनगाव स्टेशनवरून लोकल पकडली की दोन तासांच्या आसपास सीएसएमटी. तरीही यंदाच्या बावीस मुलांपैकी मुंबई पाहिलेली फक्त तीन. बरं, मुंबईने मात्र आमचा तालुका चांगलाच पाहिलाय! भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं आमच्याच तालुक्यात. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन छोटे तलाव सोडले, तर बाकी सगळं पाणी आमच्या बाजूने जातं. तेव्हा मुलांना म्हटलं, आपलं पाणी कुठे जातं ते बघून येऊ.

जुलैच्या पहिल्या शनिवारी वर्गात पत्र्याचा डबा ठेवला. दर शनिवारी दहा रुपये, सुट्टी आली तर सोमवारी. २० सप्टेंबरपर्यंत बरोबर बारा शनिवार होतात, म्हणजे १२० रुपये. वही पाचवीच्या मुलांनी सांभाळली : जमा, बाकी, एकूण. बावीस जणांचे प्रत्येकी १२० म्हणजे किती, हे गुणाकाराचं उदाहरण मी फळ्यावर कधीच दिलं नाही, मुलांनीच दुसऱ्या आठवड्यात करून टाकलं. २६४० म्हटल्यावर वर्ग एकदम शांत झाला होता. एवढे पैसे आपल्या डब्यात येणार?

काही आठवडे अडले. एका मुलाची आजी दहा रुपयांऐवजी करटोली घेऊन आली. मी ती दहा रुपयांना विकत घेतली आणि पैसे त्याच्या नावावर लावले. (बाजारात ती कितीतरी महाग मिळाली असती, हे आजीला नंतर सांगून टाकलं. आजी हसली नुसती.)

तारीख ठरवताना मात्र एक गोष्ट आपल्यासारख्या शाळांनी ध्यानात घ्यायलाच हवी. आमच्याकडे दिवाळी झाली की बरीच घरं वीटभट्टीवर जातात आणि मुलंही जातात. डिसेंबर-जानेवारीत हवा चांगली म्हणून तेव्हाची सहल ठरवली, की ज्यांच्यासाठी ठरवली तीच मुलं पाड्यावर नसतात. म्हणून दसऱ्यानंतरचा रविवार घेतला. ऊन कडक होतं, पण बावीसच्या बावीस मुलं आली.

आता हिशेब. अंदाजपत्रक मुलांच्या गटांनीच केलं, नियम एकच : अंदाज नेहमी वरच्या बाजूने धरायचा. लोकलला ५ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं तिकीट. आसनगाव ते सीएसएमटी मोठ्या माणसाचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट तीस रुपयांच्या आत आहे, म्हणून मुलाचे जाऊन-येऊन ३० धरले. बेस्टचं कमीत कमी भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये झालंय. तीन फेऱ्या, एसीच्या दराने, ३६. खाऊसाठी हातात २० रुपये, केळी-बिस्किटं १०. झाले ९६. उरलेले २४ अडीअडचणीला. दुपारची भाकरी-चपाती घरून. एका गटाने पाण्याची बाटली २० रुपये लिहिली होती, दुसऱ्या गटाने ती खोडली : "आपलंच पाणी, विकत कशाला?"

बरोबर आम्ही दोन शिक्षक आणि पाच पालक होतो. शाळा व्यवस्थापन समितीतल्या तिघांनी स्वतःचा खर्च केला, उरलेल्या दोन आयांचा आम्ही दोघांनी वाटून घेतला. वरिष्ठांची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं आधी घेतली होती.

लोकलने मुलं न्यायची म्हटल्यावर आमच्याकडेही बऱ्याच जणांनी डोळे मोठे केले. त्यात खोटं काही नाही, धोका असतोच. आम्ही काय केलं ते सांगते. आसनगावहूनच सुटणारी सकाळची गाडी घेतली, ती रिकामी असते. येताना दादरला किंवा मधल्या कुठल्याही स्टेशनवर चढायचं नाही, थेट सीएसएमटीला जाऊन सुटणाऱ्या गाडीतच बसायचं. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्याच्या वेळा आदल्या दिवशी बघून जाण्याची आणि येण्याची गाडी त्याच्या बाहेर ठेवली. प्रत्येक मोठ्या माणसाकडे तीन-चार मुलं, त्यांची नावं तळहातावर पेनाने. आणि स्टेशनला उतरल्यावर पहिलं काम शौचालय. मुली संकोचाने बोलत नाहीत आणि मग दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे मला मागच्या सहलीत फार उशिरा कळलं होतं.

मुंबई महाग आहे ती राहायला, खायला आणि टॅक्सीत बसायला. बघायला मुंबई महाग नाही. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मुंबईतली तीन ठिकाणं आहेत : घारापुरीची लेणी, सीएसएमटी स्टेशन, आणि ओव्हल मैदानाच्या आजूबाजूच्या जुन्या इमारती. यातली दोन नुसती फुटपाथवर उभं राहून बघता येतात. सीएसएमटीच्या समोर आम्ही अर्धा तास होतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत, काम सुरू झालं १८७८ मध्ये आणि चाललं दहा वर्षं. मुलांना तारखांपेक्षा दगडातले प्राणी आवडले. फाटकाच्या खांबांवर एक सिंह आहे आणि एक वाघ. वाघ भारताचा, सिंह इंग्रजांचा. "मग वाघ आपला!" हे ठरायला दोन सेकंदही लागले नाहीत.

तिथून चालत हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राचा धडा वर्गात शिकवताना जे दहा मिनिटांत उरकतं, त्याला इथे दोन मिनिटं पुरली, कारण मुलं आपोआप गप्प उभी राहिली. पुढे ओव्हलवरून राजाबाई टॉवर. तो बांधायला पैसे देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांनी त्याला आपल्या आईचं नाव दिलं हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "बाई, आईचं नाव देता येतं?" देता येतं रे बाबा.

गेटवेला समुद्र. बावीसातल्या एकोणीस जणांनी तो पहिल्यांदा पाहिला. गेटवेचा इतिहास (पंचम जॉर्ज १९११ ला आला, कमान पूर्ण झाली १९२४ ला, आणि १९४८ मध्ये शेवटची ब्रिटिश पलटण याच दारातून परत गेली) मी तयार करून नेला होता. कोणी ऐकला नाही. सगळे पाण्याकडे बघत होते. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, एवढं पाणी आहे ह्यांच्याकडे, मग आपलं कशाला नेतात?"

हा परिसर अभ्यासातला अख्खा पाठ होता आणि तो तिनेच सुरू केला. खारं पाणी, गोडं पाणी, पाऊस, धरण, सगळं तिथेच कट्ट्यावर बसून बोललो. भाकऱ्याही तिथेच सोडल्या.

घारापुरीला आम्ही गेलो नाही. लेण्यांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण लाँचचं भाडं एकट्याने आमच्या अख्ख्या अंदाजपत्रकाच्या वर जातं. मुलं हिरमुसली, तेव्हा त्यांना एक गंमत सांगितली. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं ते तिथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता बेटावर नाहीच! १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलायला गेले आणि तो मोडला. तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले, १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. भायखळा आपल्याच लोकलच्या वाटेवर. पुढच्या वर्षी हत्ती. (बुधवारी राणीची बाग बंद असते, हे तुमच्यासाठी.)

तिथून बसने मरीन ड्राइव्हवरून मलबार हिल. हँगिंग गार्डन आणि समोरचं कमला नेहरू पार्क, दोन्हीकडे तिकीट नाही. म्हातारीच्या बुटाचं वर्णन करत नाही, मुलांचा आवाज तुम्ही कल्पनेने ऐका. मला त्यांना न्यायचं होतं ते हँगिंग गार्डनमध्ये. ही बाग जलाशयाच्या डोक्यावर आहे. खाली मोठी पाण्याची टाकी, वर माती टाकून हिरवळ आणि झाडं, १८८० च्या सुमारापासून. दक्षिण मुंबईच्या घरांना इथून पाणी जातं. आपल्याकडच्या धरणांचं पाणी पांजरापूरला आणि भांडुपला शुद्ध होतं आणि मग असं टाक्यांमधून शहरभर फिरतं.

एक मुलगा गवतावर आडवा झाला आणि कान लावला. बघता बघता पाच-सहा जण आडवे. "काय ऐकू येतंय?" "काही नाही बाई." मग तोच मुलगा उठून बसला आणि म्हणाला, "मग आमच्या पाड्यावर एप्रिलमध्ये टँकर का येतो?"

बरोबर आलेल्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन टँकरच्या मागे त्याच धावतात. माझ्याकडे त्याच्यासाठी उत्तर नव्हतं. धरण उंचावर नसतं, पाडे वर असतात, पाइपलाइन दुसरीकडे जाते, असं काहीबाही बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. त्याला म्हटलं, "हा प्रश्न वहीत लिही. आपण शाळेत गेल्यावर बघू."

उतरताना चालत चौपाटीला आलो, तिथून जवळच गावदेवीचं मणिभवन. गांधीजी मुंबईत आले की इथे उतरायचे, १९१७ ते १९३४. प्रवेश फुकट आहे, आणि दमलेल्या मुलांना पंख्याखाली बसता येतं हेही काही कमी नाही.

हातखर्चाच्या वीस रुपयांबद्दल सांगायचं राहिलं. आमचा नियम होता की घरून कोणी पैसे आणायचे नाहीत. प्रत्येकाला डब्यातून सारखेच वीस, चौपाटीवर वाटले, हवे तसे खर्च करा, पण वहीत लिहा. बहुतेकांनी वडापाव घेतला. तिघींनी पैसे एकत्र करून एक भेळ आणि एक गोळा घेतला आणि तिघींत वाटला. भागाकार अवघड गेला, गोळ्याला तीनने भागता येत नाही. एकाने फुगा घेतला आणि तो बसमध्ये चढतानाच फुटला. आणि एका मुलीने काहीच घेतलं नाही. वहीत तिने लिहिलं : खर्च ०, शिल्लक २०, आईला दिले. ही तीच, मागच्या वर्षी 'ताप' आलेली.

लांबून, मराठवाडा-विदर्भातून कुटुंब घेऊन येणाऱ्या पालकांसाठी थोडक्यात : मुंबईत सगळ्यात जास्त पैसे राहण्यात जातात. रात्रीच्या गाडीने यायचं, सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं (कुलूप लावलेली बॅगच घेतात), दिवसभर वरची ठिकाणं बघायची आणि रात्रीच्या गाडीने परत. एसटीने आलात तर बायकांना निम्मं भाडं आहेच. शाळेने एसटी घेतली तर शैक्षणिक सहलीला ५० टक्के सवलत मिळते, आगारात आधी अर्ज द्या.

आमच्या डब्यात शेवटी ६४० रुपये उरले. मुलांनी मतदान घेतलं. परत वाटून घ्यायला सात मतं, हत्तीसाठी ठेवायला पंधरा. वहीच्या नवीन पानावर 'जमा ६४०' लिहून झालंय. टँकरचा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात आहे. मी रोज फळा पुसते, तो कोपरा सोडून. पाणीपुरवठ्याचं काम बघणाऱ्या साहेबांना वर्गात बोलवायचं असं मुलांनी ठरवलंय, त्यांच्यासाठीचं पत्र सध्या तिसऱ्यांदा लिहून होतंय, कारण पहिल्या दोन पत्रांत 'विनंती' हा शब्दच नव्हता.