पडद्यावरची लाट

मुलांनो, नागपूरजवळ कोराडी येथे मोठे वीजकेंद्र आहे. तेथे तयार होणाऱ्या विजेचा दाब, म्हणजेच व्होल्टेज, लाटेसारखा वरखाली होतो. एका सेकंदात अशा ५० लाटा येतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. ऑसिलोस्कोप त्या पडद्यावर दाखवतो. घरातल्या विजेची तार मात्र त्याला कधीही जोडू नका. ते जिवावर बेतू शकते. प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर लहान ट्रान्सफॉर्मर वापरतात.

एका लाटेला २० मिलिसेकंद लागतात. पडद्यावरचे एक घर ५ मिलिसेकंदांचे ठेवले, की चार घरांत एक लाट बसते.

मोजण्याआधी प्रोब पाहा. प्रोब म्हणजे जोडणीची तार. दहापटीचा प्रोब दाब दहापट कमी करून आत पाठवतो. हे यंत्राला सांगितले नाही, तर ८ व्होल्टची लाट ०.८ व्होल्टची दिसते.

आता थरथरणाऱ्या लाटेकडे वळू. डिजिटल ऑसिलोस्कोपमध्ये सरासरीची सोय असते. १६ हा आकडा निवडला, की यंत्र १६ लाटांची सरासरी दाखवते. लाट रेशमासारखी गुळगुळीत होते. मलाही ती फार आवडते! पण समजा, त्यांपैकी एकाच लाटेवर क्षणभर १.६ व्होल्टचे टोक आले. सरासरीत ते फक्त ०.१ व्होल्ट उरेल आणि नजरेतून सुटेल. शेजारची मोटर सुरू होताच रेडिओ खरखरतो ना? त्याचे कारण असेच एखादे टोक असू शकते.

म्हणून आधी सरासरी बंद ठेवून लाट नीट पाहा, मग ती चालू करून मोजा. दोन्ही चित्रे वहीत शेजारी शेजारी काढा आणि प्रत्येकाखाली सरासरीचा आकडा लिहा.