डिफेन्स म्हणजे मारामारी का?

गेल्या रविवारी लिंबायतच्या बालवर्गात आपण ‘सेल्फ डिफेन्स’ हा शब्द घेतला. एका मुलीने लगेच विचारलं, “म्हणजे मारामारीच ना?” तेव्हा हा शब्द आज नीट पाहू.

डिफेंड मूळ लॅटिनमधला. अर्थ, अंगावर येणारं परतवणं. या डिफेन्सचंच डोकं गळून ‘फेन्स’ झाला, म्हणजे कुंपण. खानदेशातून आलेल्या आपल्या घरांना कुंपण काय सांगायचं! ते कुणाला मारायला घालत नाहीत.

प्रोटेक्ट म्हणजे जपणं. शील्ड म्हणजे ढाल. गार्ड म्हणजे राखण; लूमच्या पट्ट्यावरच्या जाळीलाही गार्डच म्हणतात, आणि ती काढून ठेवली की काय होतं ते आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय.

आपला शब्द ‘बचाव’. गुजरातीतही तोच. पण त्याला दुसरा अर्थ आहे, आरोपाला उत्तर देणं. मुलगी घरी येऊन सांगते, गल्लीत कुणी छेडलं. आपण विचारतो, “तू तिकडून गेलीसच कशाला?” झालं, बिचारी घरातच बचाव करत बसते. पुढच्या वेळी ती सांगतच नाही. आमच्याकडूनही हे घडलंय.

कायदा मात्र तिच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ याच हक्काची आहेत. स्वतःचा आणि दुसऱ्याचाही बचाव करता येतो. फक्त गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही.

येत्या रविवारी ‘सेफ’ हा शब्द घेऊ. मुलींबरोबर वडिलांनीही यावं, ही विनंती.