थुंकीतून मलेरियाची तपासणी होते का?

प्रश्न : आमच्या धानोरा तालुक्यात पावसाळ्यात ताप आला की आशाताई मुलांचं बोट टोचतात. धाकटी सुई बघूनच रडते. थुंकीवर होणारी तपासणी निघाली आहे असं ऐकलं. ती करून घेता येईल का?

उत्तर : ताई, संशोधन खरं आहे, पण तापाच्या मुलीसाठी त्यावर विसंबू नका. फ्लोरिडा विद्यापीठाच्या रोएल डिंगलासन यांच्या गटाने 2019 मध्ये लाळेत सापडणारं परजीवीचं एक प्रथिन दाखवलं. फाल्सिपेरम या मलेरिया-परजीवीच्या जातीची जी मादीरूपं डासात जाऊन रोग पसरवतात, त्यांचं हे प्रथिन. म्हणजे चाचणीचा मूळ रोख ताप नसलेल्या, पण परजीवी बाळगणाऱ्या माणसांवर आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात अशी माणसं शोधणं फार मोलाचं, म्हणून मला या कामाबद्दल मनापासून आशा वाटते. मात्र ही रूपं रक्तात साधारण आठ-दहा दिवसांनी दिसू लागतात, आणि ताप तेवढा थांबत नाही. लाळेत परजीवीचे अंशही रक्तापेक्षा कितीतरी कमी असतात.

म्हणून आज बोटाचा एक थेंबच हवा. पट्टीवर पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो, परजीवी फाल्सिपेरम जातीचा की व्हायवॅक्स जातीचा तेही कळतं. औषध त्यावर ठरतं. फाल्सिपेरममध्ये उशीर जिवावर बेततो. मुलीला मांडीवर घ्या, बोटाच्या टोकाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायला सांगा, तिथे कमी दुखतं. पट्टी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून घ्या.