मत्कुणदंश : औषधापूर्वी मुक्कामाची चौकशी

खटाव आणि माण हे तालुके पर्जन्यछायेतील. पोटासाठी मुलूख सोडणे येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. वडूज परिसरातील माणसे एके काळी मुंबईच्या गिरण्यांत गेली. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त खटाव, माण, खानापूर, आटपाडीकडील कुटुंबे देशभर पसरली. सणावाराला आणि लग्नसराईत ती गावी येतात. शिवाय पंढरीची वारी, गोंदवल्याचा उत्सव, शिखर शिंगणापूर आणि पुसेगावची यात्रा आहेच. लॉज, धर्मशाळा किंवा भक्तनिवासातील मुक्काम आमच्या रुग्णांना नवा नाही. अशा मुक्कामातून सामानाबरोबर घरी येणाऱ्या मत्कुणाचा, म्हणजे ढेकणाचा, विचार येथे करावयाचा आहे.

मलज की आगंतुक?

चरकसंहितेच्या विमानस्थानात बाह्य मलज कृमींचे कारण मृजावर्जन, म्हणजे स्वच्छतेचा अभाव, असे सांगितले आहे. तेथे नावे आहेत ती यूका आणि पिपीलिका यांची. त्यांचे स्थान केस व वस्त्रे. ढेकूण मात्र शरीरावर राहत नाही. तो गादीच्या शिवणीत, कॉटच्या फटीत, भिंतीच्या भेगेत दिवसभर दडतो आणि रात्री पाच-दहा मिनिटे रक्त शोषून परततो. त्याला मळ नको, रक्त हवे. म्हणून तो स्वच्छ घरातही तितकाच सुखाने नांदतो. 2023 च्या शरद ऋतूत पॅरिसमधील हॉटेले आणि चित्रपटगृहे यांतील ढेकणांची चर्चा जगभर झाली, हे ध्यानात घ्यावे.

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नाही. ‘घर घाणेरडे म्हणून ढेकूण’ या समजुतीमुळे गृहिणी संकोचाने ही गोष्ट वैद्यापासून लपवते. वैद्य कंडू पाहून औषध देतो, पथ्य सांगतो, आंबट-खारट बंद करतो. दंश मात्र रोज रात्री चालूच राहतो.

व्यवच्छेदक निदान

माधवनिदानात शीतपित्ताच्या मंडलांना वरटीदंशाची, म्हणजे गांधीलमाशीच्या दंशाची, उपमा दिली आहे. तेव्हा कीटकदंश आणि शीतपित्त यांत गल्लत होणे स्वाभाविकच. पुढील लक्षणे उपयोगी पडतात.

शीतपित्ताचे एखादे मंडल सहसा चोवीस तासांच्या आत मावळते व दुसरीकडे उठते. ढेकणाच्या दंशाची गांधी त्याच जागी कित्येक दिवस राहते. ती हात, मान, चेहरा, पाय अशा उघड्या भागांवर, बहुधा ओळीने किंवा पुंजक्याने असते आणि नवी गांधी सकाळी दिसते. खरजेत बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, जांघ येथे अधिक खाज असते. एकाच गादीवर निजणाऱ्या दोघांपैकी एकालाच गांधी उठते, असेही घडते, कारण काहींच्या त्वचेवर दंशाची खूणच उमटत नाही. काहींना ती चौदा दिवसांपर्यंत उशिरा येते. म्हणून ‘काल कोठे निजला होता’ एवढे विचारून भागत नाही. मागील दोन-तीन आठवड्यांचे मुक्काम विचारावेत.

ढेकणामुळे माणसांत रोगाचा प्रसार होतो असे सिद्ध झालेले नाही, हे सांगून रुग्णास धीर द्यावा. स्थानिक उपचारात थंड पाण्याची पट्टी, शतधौत घृत पुरेसे होते. खाजवून जखम चिघळल्यास तिचा वेगळा उपचार करावा. अंगभर सूज, धाप किंवा घेरी आल्यास रुग्णालयात पाठवण्यास विलंब करू नये.

निदानपरिवर्जन : प्रवासातील विधी

कृमिचिकित्सेची अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन ही त्रिसूत्री येथे साधर्म्याने लागू पडते. पैकी तिसरे सूत्र सर्वांत स्वस्त आहे. सामानातून आलेली एकच फळलेली मादी घरभर पसरण्यास पुरेशी असते.

खोलीत शिरताच बॅग कॉटवर किंवा जमिनीवर टाकू नये, न्हाणीघरात ठेवावी. उशाकडील चादर उचलून गादीच्या कडा व शिवणी, कॉटचे सांधे, उशामागील फळी मोबाईलच्या उजेडात पाहावी. प्रौढ ढेकूण पाच ते सात मिलिमीटरचा, चपटा, तांबूस तपकिरी असतो. अंडे पांढरे, सुमारे एक मिलिमीटरचे. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग, रक्ताचे ओघळ, सोललेल्या पारदर्शक काती दिसल्यास खोली बदलून मागावी, आणि ती शेजारची नसावी. मुक्कामात बॅग बंद, भिंतीपासून व कॉटपासून दूर, उंच जागी असावी. वापरलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत.

घरी आल्यावर बॅग निजण्याच्या खोलीत नेऊ नये. ओट्यावर वा अंगणात उघडावी. कपडे साठ अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यात धुवावेत. ज्यांना एवढी उष्णता सोसत नाही, त्यांच्या शिवणींवर कापडास चालेल तितकी गरम इस्त्री फिरवावी. बॅगेच्या शिवणी व चेन ताठ ब्रशने झाडाव्यात.

ढेकूण आलेच तर

हाताने वेचणे, व्हॅक्यूमने ओढणे हे अपकर्षण. लोखंडी कॉटच्या सांध्यांवर उकळते पाणी ओतणे, भिंतीच्या भेगा बुजवणे हा प्रकृतिविघात. गादी उन्हात टाकण्याची आपली चाल चांगली, पण जाड गादीचा आतील भाग तापत नाही व ढेकूण सावलीच्या बाजूस सरकतात. एवढ्यावर विसंबू नये. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून एकदा साफ करून न थांबता दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. धूपनाने खोली सुगंधित होते. फटीतील अंडी त्याने नष्ट होतील, असे आश्वासन रुग्णास देऊ नये.

औषधालय-चालकांसाठी एक निकराची सूचना. गिऱ्हाईक ‘जालीम काहीतरी द्या’ म्हणते आणि शेवटी शेतीचे कीटकनाशक किंवा धान्यात घालावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या निजण्याच्या खोलीत ठेवते. हवेतील ओलाव्याने या गोळ्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. ढेकणाने माणूस मरत नाही, या गोळीने अख्खे घर मरू शकते. शिवाय कीटकनाशकाने काम होईलच असेही नाही. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण 1947 मध्येच हवाईतील पर्ल हार्बर येथे आढळले होते. म्हणून ‘हे घरात वापरू नका, परवानाधारक कीटकनियंत्रकास बोलवा’ हे वाक्य गल्ल्यावरूनच सांगितले जावे.

सारांश, कंडूच्या प्रत्येक रुग्णास आहार-विहार विचारताना ‘अलीकडे बाहेर कोठे मुक्काम झाला का, घरी कोणी पाहुणे आले होते का’ हेही विचारावे, आणि ते अशा स्वरात, की उत्तर देणाऱ्यास लाज वाटू नये. आपल्या चिकित्सालयातील बाक, तपासणीचे टेबल व पंचकर्माच्या गाद्या यांच्या शिवणीही महिन्यातून एकदा पाहिल्या जाव्यात, ही वैद्यबंधु-भगिनींस आमची विनंती.