सात महिने पुरलेली ट्यूब

"सनस्क्रीनची पन्नास ग्रॅमची ट्यूब तुम्हाला किती दिवस जाते?" त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"सहज सात महिने," मी सांगितलं, आणि तेही जरा ऐटीत. तेलाची पिशवी रिकामी झाली की कात्रीने कापून आतून पुसून घेणारी बाई मी. महागाची वस्तू पुरवून वापरते, यात लपवायचं काय?

मॅडमनी माझाच केसपेपर उलटा केला आणि मागे हिशोब मांडला. चेहरा साधारण 600 चौरस सेंटिमीटरचा. ट्यूबवर एसपीएफचा जो आकडा छापतात, तो दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम सनस्क्रीन लावून मोजलेला असतो. म्हणजे एका वेळेला 1.2 ग्रॅम, मान आणि कान वेगळे. पन्नास ग्रॅम नुसत्या चेहऱ्याला चाळीसएक दिवस. मी 210 दिवस काढले होते. रोजचं जेमतेम पाव ग्रॅम. मी सातवीला गणित शिकवते, हे त्यांना सांगायचं मी टाळलं.

खरी चूक तर अजून बाकी होती. सकाळी सहाची घाई, डबा, पोराची वॉटरबॅग. तेव्हा मी एक युक्ती काढली होती. तळहातावर मटारच्या दाण्याएवढं मॉइश्चरायझर, त्याच्यावर तेवढंच सनस्क्रीन, दोन्ही कालवायचं आणि एका हातात तोंडभर फिरवून मोकळं व्हायचं. सनस्क्रीन चिकट लागायचं नाही, चेहरा पांढरा दिसायचा नाही आणि ट्यूबही पुरायची. तीन फायदे! मैत्रिणींनाही मीच हे शिकवलं.

"तुम्ही सोलापूरच्या ना?" मॅडम म्हणाल्या. "चादरीची वीण विरळ केली तर काय होईल? मच्छरदाणी. ती अंगावर घेऊन थंडी जाते का?"

सनस्क्रीनचा त्वचेवर सलग, सारखा पापुद्रा बसावा लागतो. त्यात दुसरी क्रीम कालवली की ते पातळ तर होतंच, शिवाय कुठे जास्त, कुठे कमी, कुठे अजिबात नाही असं पसरतं. डोळ्यांना काही कळत नाही. ऊन मात्र त्या भोकांतून बरोबर आत शिरतं. आणखी एक गैरसमज माझाही होता, आणि तो पुष्कळांचा असतो. मॉइश्चरायझरवर एसपीएफ 15 लिहिलेलं आणि वर 30 चं सनस्क्रीन, म्हणजे झाले 45. अशी बेरीज होत नाही.

माझ्या उजव्या गालावर वांग डाव्यापेक्षा गडद का, हे कोडं त्याच दिवशी सुटलं. वांग धरलं दुसऱ्या बाळंतपणात. तेव्हा बऱ्याच जणींना धरतं. पण नंतर ते वाढवलं मी आणि एसटीने मिळून. सोलापूरहून मोहोळला सकाळी जाताना आणि संध्याकाळी परत येताना माझी जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची खिडकी. गाडी सकाळी वायव्येला जाते, तेव्हा पूर्वेचं ऊन उजवीकडून येतं. संध्याकाळी आग्नेयेला वळते, तेव्हा पश्चिमेचं ऊनही मागून उजव्याच गालावर. धुळीमुळे काच बंद असायची, म्हणून मी निर्धास्त. काच त्वचा भाजू देत नाही हे खरं, कारण भाजणारे यूव्हीबी किरण ती बरेचसे अडवते. पण डाग गडद करणारे यूव्हीए किरण आणि साधा उजेड काचेतून आरपार येतो. आता मी डावीकडे, आतल्या बाजूला बसते. ही सुधारणा फुकटात झाली.

मधल्या काळात केलेला एक उद्योग सांगायला लाज वाटते, तरी सांगते. जाऊबाईंच्या सांगण्यावरून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय एक "डागांची ट्यूब" आणली होती. तीन आठवड्यांत चेहरा असा उजळला की शाळेत सगळ्यांनी विचारलं. मग गाल लाल व्हायला लागले, साध्या पाण्यानेही झोंबायला लागलं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. असली मलमं स्वतःच्या मनाने लावू नका, आणि आधीच लावत असाल तर ती सोडायची कशी हेही डॉक्टरांनाच विचारा. लिंबू पिळून उन्हात बसायचा सल्लाही कुणी देईल. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर फोड येतात, आणि काळे डाग मागे राहतात ते वेगळेच.

तर आता माझी सकाळ अशी. तोंड धुतलं की ओलसर असतानाच वास नसलेलं मॉइश्चरायझर. त्याचं काम पाणी धरून ठेवायचं, ऊन अडवायचं नाही. मग पोळ्या. पोळ्या होईपर्यंत ते मुरतं. घाई करून लगेच वर सनस्क्रीन चोळलं तर अंगाचा मळ निघावा तशा बारीक वळकट्या निघतात. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, चेहऱ्याला आणि मानेला मिळून. एकदम नाही, दोन हप्त्यांत. चोळायचं कमी, थापायचं जास्त. कान आणि भुवयांच्या वरची कड मी हमखास विसरायचे. त्यानंतर पंधरा मिनिटांनी घर सोडायचं, आणि पावडर, टिकली जे काय असेल ते सगळ्यात शेवटी.

मे महिन्यात, पारा 42 वर असताना, मी मॉइश्चरायझर सरळ वगळते. सनस्क्रीनमध्ये मुळातच ओलावा धरणारे घटक असतात, आणि माझ्या घामट चेहऱ्याला तेवढे पुरतात. जानेवारीत गाल ओढायला लागले की ते परत येतं. तुमची त्वचा कोरडी असेल तर बारा महिने लावा. दोन्ही लावलंच पाहिजे असा काही नियम नाही. दोन्ही लावायचं असेल तर क्रम मात्र चुकवू नका.

आकड्यांच्या मागे फार धावू नका. नीट जाड लावलं तर 30 चं सनस्क्रीन यूव्हीबी सुमारे 97 टक्के अडवतं, 50 चं 98. एसपीएफ यूव्हीबीपुरता असतो. यूव्हीएसाठी पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण उजेडही थोडा अडतो. आणि ट्यूब पर्समध्ये घालून उन्हात हिंडवू नका. माझ्या जुन्या ट्यूबमधून शेवटी आधी पाणी यायचं, मग क्रीम. तेही मी हलवून वापरलं.

उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी परत लावायचं असतं. हे मला रोज जमत नाही. मधल्या सुट्टीत ओल्या रुमालाने घाम टिपून एक हात फिरवते तेवढंच. पहिल्या दिवशी एका चिमुरडीने सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "बाई, तुमच्या तोंडाला पीठ लागलंय."

सासूबाई म्हणतात, आम्ही जन्म रानात काढला, कुठली क्रीम नि कुठलं काय. मी वाद घालत नाही. त्यांचा पदर भुवईपर्यंत ओढलेला असायचा आणि बारा ते तीन त्या बाभळीखाली असायच्या. त्यांच्याकडून मी छत्री उचलली. बस स्टँड ते शाळा ती उघडीच असते.

आठ महिने झाले. डावा गाल जवळपास मोकळा आहे, उजव्यावर फिकट सावली अजून आहे, आणि मॅडम म्हणतात ती कदाचित राहील. किराणा यादीत दर दीड महिन्याला "ट्यूब" असा शब्द येतो. परवा यजमानांनी यादी वाचता वाचता विचारलं, "मागची संपली इतक्यात?" मी म्हटलं, "हो, वेळेत संपली."